सरकारी बोटीच्या तिकिटावर अंदमान

अंदमानच्या सहली विकणाऱ्यांचा एक साचा ठरलेला आहे. चार रात्री पाच दिवस, एसी गाडी, खासगी क्रूझ, वाळूत मेणबत्त्या लावून जेवण. दोघांचा आकडा ऐकला आणि आम्ही फोन ठेवून दिला. विमानाला पर्याय नव्हता. चेन्नईहून जहाज निघतं, स्वस्तही असतं, पण एका बाजूचेच जवळपास तीन दिवस त्यात जातात आणि आमच्या रजा मोजक्या. तेव्हा विमानाची तिकिटं आधीच काढून ठेवली आणि राहणं, खाणं, फिरणं दोघांत मिळून दिवसाला अडीच हजारांत बसवायचं ठरवलं. स्कूबाचे पैसे यात धरले नाहीत. ते लग्नात आत्याने दिलेल्या पाकिटातले, त्यामुळे त्यांवर नवऱ्याच्या हिशेबाच्या वहीची सत्ता चालत नव्हती.

शनिवार, पोर्ट ब्लेअर

विमान सकाळीच उतरलं. विमानतळाला नाव वीर सावरकरांचं, नवं टर्मिनल शिंपल्याच्या आकाराचं, 2023 मध्ये सुरू झालेलं. शहराचं नाव 2024 पासून कागदोपत्री श्री विजयपुरम आहे. रिक्षावाला, लॉजवाला, बसचा कंडक्टर सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

ॲबर्डीन बाजारातल्या लॉजवर सॅक टाकल्या आणि तडक फिनिक्स बे जेट्टी गाठली. सगळा प्रवास इथल्या खिडकीवर अवलंबून. सरकारी बोटीचं तिकीट खासगीच्या निम्म्याच्या आसपास पडतं, पण जागा मोजक्या. बेटांवर राहणाऱ्यांना ते आणखी सवलतीत मिळतं, आणि ते योग्यच आहे. आपल्याला ही बोट म्हणजे सहल, त्यांना ती एसटी.

खिडकीसमोर बायकांची रांग वेगळी आणि बरीच लहान होती. नवऱ्याला बाकावर बसवून मी फॉर्म घेऊन उभी राहिले. पुढे हॅवलॉक बेटावरच्या एक काकू होत्या, सासूला गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात दाखवून परत निघालेल्या. माझ्या फॉर्मवर नजर टाकून म्हणाल्या, "हॅवलॉक तो नहीं मिलेगा, दीदी. पहले नील ले लो, उधर से हॅवलॉक का मिल जाता है." खिडकीतल्या माणसाने दहा मिनिटांनी शब्दशः तेच सांगितलं. इंटरनेट पालथं घालून आखलेला आमचा कार्यक्रम तिथेच उलटा झाला. आधी नील, मग हॅवलॉक, आणि जमलं तर लॉंग आयलंड. सोमवारचं तिकीट हातात पडलं.

दुपारी सेल्युलर जेल. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या, मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या आवारातच, काकू ज्या रुग्णालयातून आल्या होत्या ते उभं आहे. प्रत्येक शाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतून समोरचा कैदी दिसायलाच नको. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो कडीपाशी. दाराचा लोखंडी अडसर लांब बाहेर काढून वळवलेला आहे आणि तो अडकतो दारापासून हातभर लांब भिंतीत कोरलेल्या खोबणीत. गजांतून हात बाहेर काढला तरी कुलपापर्यंत पोहोचत नाही. मी आत उभी राहून करून पाहिलं. बोटं नुसती भिंतीवर फिरतात.

सावरकरांच्या कोठडीबाहेर मराठी बोलणाऱ्यांची रांग होती. 4 जुलै 1911 रोजी ते इथे आले, पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. रांगेतले बहुतेकजण नमस्कार करून, फोटो काढून खाली उतरत होते आणि थेट बाहेर पडत होते. मला त्याचं जरा वाईट वाटलं. मनोऱ्यात कैद्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या प्रांतवार लावल्या आहेत, आणि बंगालची यादी वाचता वाचता मान दुखायला लागते. बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त ही शाळेच्या पुस्तकातली नावं त्यात आहेत. पण त्यांच्या वरखाली जी शेकडो नावं आहेत, त्यांच्यापुढे थांबायला कुणी दिसलं नाही.

बाहेर आलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि सूर्य बुडत होता. घड्याळ मुंबईचं, पण रेखांश जवळपास म्यानमारचा. इथला दिवस पहाटे पाचपासून वापरायचा असतो, हे त्या रात्री आठला डोळे मिटायला लागले तेव्हा पटलं.

रविवार

रॉस बेट. आताचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचं मुख्यालय इथे होतं. 1941 चा भूकंप झाला, पुढच्या वर्षी जपानी आले, आणि चर्च, बेकरी, क्लब सगळं मुळांनी गिळलं. हरणं पर्यटकांच्या हातातलं खातात. छान आहे, पण दीड तास पुरतो. संध्याकाळी बाजारात दोघांचं जेवण तीनशेच्या आत: तमिळ खाणावळीत केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि तळलेल्या सुरमईचे दोन तुकडे.

सोमवार, नील

सकाळच्या बोटीत आमच्याबरोबर कोंबडीची पिल्लं भरलेले खोके, एक शिलाई मशीन, छताचे पत्रे आणि एका नवऱ्या मुलीचं कपाट होतं. खालच्या केबिनमध्ये एसी एवढा की लोक चादरी घेऊन आले होते. आम्ही वर डेकवर सावली धरून बसलो. शेजारी रांचीकडचे एक आजोबा. त्यांचे वडील जंगलतोडीच्या कामाला इथे आणले गेले होते. माणसं बंगाली, तमिळ, तेलुगू, झारखंडी, आणि सगळ्यांना जोडणारी हिंदी. तिच्यात लिंगाचा आग्रह कुणी धरत नाही, त्यामुळे माझ्या नवऱ्याची मुंबई हिंदी आयुष्यात पहिल्यांदाच शुद्ध ठरली.

नीलचं सरकारी नाव शहीद द्वीप. 2018 च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं तेव्हाच हेही बदललं. बेट इतकं लहान की जेट्टीवरून उतरून चालतच बाजारात पोहोचलो. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी गावं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने पन्नास-साठच्या दशकांत या बेटांवर जमिनी देऊन वसवलं. समुद्रकिनारा म्हणून आपण जे बघायला येतो, त्याच्या पाठीशी दोनशे पावलांवर वांगी, भोपळे, मिरच्या आणि भाताची खाचरं आहेत. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी इथूनच जाते.

बांबूची झोपडी नऊशे रुपयांत मिळाली. मच्छरदाणी धड, पंखा धड, बाथरूममध्ये एक बेडूक. दोन सायकली भाड्याने घेतल्या. नीलवर स्कूटर घेणं म्हणजे सुरू करून बंद करण्याइतकंच अंतर.

मंगळवार

अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. कोकणात आजोळ असल्यामुळे एवढं ठाऊक होतं की उधाणाच्या दिवसांत भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी लांब जाते. झोपडीच्या मालकाने ओहोटीची वेळ पहाटेची सांगितली. साडेचारला सायकली काढल्या, बॅटरीच्या उजेडात लक्ष्मणपूरच्या टोकाला गेलो. दगडाची नैसर्गिक कमान आहे तिथे. पर्यटकांच्या नकाशावर 'नॅचरल ब्रिज', गावात 'हावडा ब्रिज'. खरं सांगायचं तर कमान ठीकच आहे. बघायचं ते तिच्या पायाशी.

खाली उतरणाऱ्या वाटेवर एक काका भेटले, लुंगी गुडघ्यावर, पायात फाटके बूट. पूर्वी मासेमारी करायचे, आता ओहोटीला लोकांना फिरवून आणतात. दोघांचे दोनशे. पहिली सूचना: "पाँव देख के रखना, हाथ मत लगाना." उजाडत होतं. पाणी ओसरून प्रवाळाच्या खडकात जागोजागी डबकी उरली होती, आणि प्रत्येक डबक्यात भाडेकरू वेगळा. काळी, मऊ, वीतभर लांब समुद्रकाकडी. खडकाच्या फटीतून पाचही हात वळवळत बाहेर काढणारा ठिसूळ तारा. मग एका ठिकाणी काकांनी आम्हाला थांबवलं आणि पाण्यावर नुसता हात धरला. तळाशी खडकातच रुतून बसलेला मोठा शिंपला होता. त्याचे निळे-जांभळे मखमली ओठ उघडे होते, त्यांवर हिरवे ठिपके. हाताची सावली पडली तसे ओठ आक्रसले आणि शिंपला अर्धा मिटला. हात काढला, दहा-पंधरा सेकंदांनी परत उघडला. काकांनी सांगितलं की तो जन्मभर तिथेच राहणार, हलणार नाही, म्हणून सारखं सारखं सावली पाडून त्याला दमवायचं नाही. आम्ही एकदाच बघितलं.

साडेसातच्या सुमारास पहिल्या गाड्या आल्या. पाणी तोवर परत चढायला लागलं होतं. निम्मी डबकी बुडाली, आणि आलेली मंडळी कमानीखाली उभं राहून फोटो काढून परत गेली. त्यांच्या कार्यक्रमात ही वेळ छापलेली होती, ओहोटी नव्हती.

उरलेला दिवस भरतपूरच्या पाण्यात आणि बाजारात. दुपारी माछेर झोल आणि भात. नवऱ्याने मोहरीच्या तेलाबद्दल तक्रार केली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बुधवार, गुरुवार, हॅवलॉक

काकूंचा शब्द खरा ठरला, नीलहून हॅवलॉकचं तिकीट सहज मिळालं. इथे एकदम गर्दी, कॅफे, स्कूटरींची रांग. विजयनगरच्या किनाऱ्यावर बाराशेला खोली मिळाली, समुद्राचा आवाज येणारी पण समुद्र न दिसणारी. दिसणारीचे तीन हजार.

गुरुवारी सकाळी एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने गेलं तर माणशी हजाराच्या घरात जातात. आम्ही राधानगरच्या रस्त्यावर बसमधून उतरलो आणि जंगलातून चालत गेलो. अर्ध्या-पाऊण तासाची वाट, आधी उंच झाडी, मग चिखल आणि खारफुटी. किनाऱ्यावर 2004 च्या त्सुनामीत उन्मळलेल्या प्रचंड झाडांचे ओंडके अजून पडलेले आहेत, उन्हाने पांढरे पडलेले. लाकडाच्या धंद्यासाठी इथे हत्ती आणले होते. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीवर कडक निर्बंध आले आणि हत्ती बेकार झाले. त्यांपैकी राजन नावाचा, समुद्रात पोहण्यासाठी जगभर ओळखला गेलेला हत्ती 2016 मध्ये हॅवलॉकवरच म्हातारपणाने गेला.

संध्याकाळी राधानगर. 'टाइम'ने 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून याला निवडलं, आणि तेव्हापासून प्रत्येक फलकावर ते लिहिलेलं आहे. किनारा आहेच तसा. मागे समुद्रमोहाची सरळसोट झाडं, पुढे पिठासारखी बारीक वाळू. पण एक फलक मगरींचाही आहे, आणि तो शोभेचा नाही. 2010 मध्ये याच किनाऱ्याच्या टोकाला खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका परदेशी पर्यटक मुलीचा बळी घेतला. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा वाद घालणारे आपले लोक बघून राग येतो. सूर्य बुडाल्यावर शेवटची बस पकडायला सगळे एकदम धावले. दोघांचे मिळून पन्नास रुपयेही लागले नाहीत. बाहेर उभ्या गाडीवाल्याने हजार सांगितले होते.

शुक्रवार

आत्याच्या पाकिटाचा दिवस. माणशी साडेतीन हजार, पोहता येत नसलं तरी चालतं, बारा मीटरच्या वर खोल नेत नाहीत. आधी कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून अर्धा तास शिकवणी: तोंडाने श्वास, मुखवट्यात पाणी शिरलं तर काय, कान दुखले तर नाक दाबून हवा सोडायची. मला पहिली पाच मिनिटं फक्त माझ्याच श्वासाचा घरघराट ऐकू येत होता. मग प्रशिक्षकाने माझा खांदा वळवला आणि समोर समुद्रफुलाच्या गुच्छात नारिंगी-पांढरा विदूषक मासा. मी जवळ गेले तर पळाला नाही. उलट माझ्या मुखवट्याकडे झेप घेऊन परत घरात शिरला, परत बाहेर आला. करंगळीएवढा जीव, पण घर राखण्याचा आवेश पूर्ण.

प्रवाळ मात्र सगळीकडे रंगीत नाही. बराचसा तळ राखाडी तुकड्यांचा आहे. 2010 च्या उन्हाळ्यात पाणी तापून अंदमानातली प्रवाळं मोठ्या प्रमाणात पांढरी पडली, 2016 मध्ये पुन्हा तेच. राखाडी मलब्यावर मुठीएवढी नवी शिंगं फुटलेली प्रशिक्षकाने बोटाने दाखवली. जाहिरातीतले फोटो काढणारे नेमके तेवढेच कोपरे शोधतात, एवढं खाली गेल्यावर कळलं.

नवरा वर आला तो गप्प. मग एकदम म्हणाला, "पुढच्या लग्नात आत्याला काय द्यायचं ते आतापासून बघायला हवं."

शनिवार, रविवार, लॉंग आयलंड

रंगतला जाणारी बोट वाटेत लॉंग आयलंडला थांबते. ती रोज नसते. हॅवलॉकच्या जेट्टीवर आमच्याशिवाय सॅकवाले फक्त एक परदेशी जोडपं, बाकी सगळे घरी निघालेले. उतरलो तर समोर सिमेंटची पाऊलवाट, नारळ, शाळा, दोन दुकानं. गाड्या जवळजवळ नाहीतच. एटीएम नाही. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्रतळातून आलेली इंटरनेटची केबल ज्या बेटांना जोडते त्यांत हेही आहे, पण दुकानदाराला यूपीआय म्हटलं की तो आधी फोन उंच धरून आकाशाकडे बघतो.

रविवारी जंगलातून 'लालाजी बे' या किनाऱ्यावर गेलो. दीड-दोन तासांची चाल, वाट मळलेली पण ओंडके आडवे. डुंगीनेही जाता येतं, लाकडी होडीला इथे डुंगी म्हणतात, पण ती आमच्या अडीच हजारांत बसेना. किनाऱ्यावर दुपारपर्यंत आम्ही दोघं आणि खेकडे. पाणी राधानगरइतकंच निळं, आणि एकही फलक नाही. फुकट मात्र काही मिळत नाही. वाळूतल्या सँडफ्लाय पायांवर तुटून पडल्या. दिसत नाहीत, चावताना कळत नाहीत, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या लाल ठिपक्यांनी भरतात आणि आठवडाभर खाजतात. खोलीच्या मालकीणबाईंनी निघतानाच खोबरेल तेल थापायला सांगितलं होतं. मी थापलं. नवऱ्याला चिकटपणा आवडत नाही. त्याच्या पोटऱ्यांचा फोटो मी मुद्दाम इथे देत नाही.

रात्री मालकीणबाईंच्या ओसरीवर परतीचा खल झाला. रंगतहून पोर्ट ब्लेअरला बस जाते आणि ती स्वस्त पडते. पण अंदमान ट्रंक रोडचा तो टप्पा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी. राखीव भागातला रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं होतं. रस्ता अजून सुरू आहे. रंगतच्या माणसाला रुग्णालय गाठायचं असेल तर त्याने तो वापरावा, त्याच्याशी माझं भांडण नाही. आम्हाला कुठलीही घाई नव्हती, आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात एका एजंटने "नशीब असेल तर जारवा दिसतील" म्हणत त्याच रस्त्याची सहल विकायचा प्रयत्न केला होता. खिडकीतून माणसं बघायची सहल आम्हाला नको होती. बोटीचेच जास्तीचे पैसे भरले. यावर वहीवाल्यानेही कुरकूर केली नाही.

सोमवार, मंगळवार

दिवसभर बोट. डेकवर झोपलो, उडणारे मासे मोजायचा नाद केला, कॅन्टीनचं ब्रेड-ऑम्लेट खाल्लं.

मंगळवारी विमानतळावर आमच्या पुढच्या कुटुंबाची बॅग बाजूला घेतली गेली. आतून प्रवाळाचा हाताएवढा तुकडा निघाला. मेलेला होता, किनाऱ्यावर पडलेलाच होता, मुलाने हौसेने उचलला, हे सगळं वडिलांनी सांगून पाहिलं. मेलेलं प्रवाळही नेता येत नाही. दुकानातून घेतलेल्या शिंपल्यांची पावती जवळ हवी. तुकडा टेबलावर राहिला आणि मुलगा रडत आत गेला.

कुणी याच वाटेने जाणार असेल तर दोन गोष्टी. लॉंग आयलंडला निघण्याआधी हॅवलॉकलाच रोख पैसे काढून घ्या. आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस मोकळा सोडा, कारण समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीला आदल्या दिवशीचे सगळे प्रवासी उभे असतात.